सांगलीहून एका दिवसात उंच शिखरं करायची तर कुठं जावं?

तुम्ही लिहिलंय की वय बेचाळीस, बैठं काम, डोंगराची सवय नाही आणि एका रविवारात सातारा जिल्ह्यातली सगळ्यात उंच शिखरं करायची आहेत. मी साताऱ्याचा. वीसेक वर्षं इथल्याच डोंगरांत भटकतोय, म्हणून लिहितो.

आधी 'सगळ्यात उंच' हे डोक्यातून काढा. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १४३८ मीटर उंच आहे. तिथं लोक शाल गुंडाळून गाडीतून सूर्योदय बघायला जातात. उंची पुस्तकात समुद्रापासून मोजलेली असते, पाय मात्र पायथ्यापासून मोजतात. त्यामुळं आकडा बघून डोंगर निवडू नका, चढण बघून निवडा.

माझं मत विचाराल तर केंजळगड आणि रायरेश्वर. एकाच दांडावरचे शेजारी, एका दिवसात दोन्ही होतात. केंजळगड साधारण १३०० मीटर, रायरेश्वर त्याहून थोडा उंच. (रायरेश्वर पुणे जिल्ह्यात, भोर तालुक्यात मोडतो. तेवढं चालवून घ्या.)

वाईहून असऱ्याच्या रस्त्यानं पायथ्याचं खावली गाव गाठायचं. तिथून चढ सुरू. सुरुवातीला उघडी सोंड, सावली नाही, म्हणून उजाडताच पाय उचलायचे. तासा-दीड तासात कड्याखालची वस्ती लागते आणि तिथून केंजळचा कातळ अंगावर आल्यासारखा दिसतो. सह्याद्रीचे बरेच माथे असेच. लाव्हाचे थर एकावर एक साचले, टणक थर कडा होऊन उभे राहिले आणि ठिसूळ थर झिजून उतार झाले. म्हणून इथं टोकदार शिखर क्वचित. खाली दमवणारा उतार, मग सरळ कडा आणि वर सपाट माथा. केंजळच्या कड्यात पन्नासहून जास्त पायऱ्या थेट कातळात कोरल्यात. चांगल्या रुंद आहेत, पण उंचीही गुडघ्याला कळेल अशी. मी प्रत्येक वेळी मध्ये एकदा थांबतो. पायऱ्या बघायला थांबलोय असं सोबतच्यांना सांगतो.

माथ्यावर केंजळाई देवी आहे, बिनछपराचं कोठार आहे आणि बांधकामाचा चुना मळायचा घाणा. १६७४ मध्ये, म्हणजे राज्याभिषेकाच्याच वर्षी, महाराजांनी हा गड घेतला. समोर कमळगड, पाचगणीचं पठार, खाली धरणाचं पाणी. पण इथं अर्ध्या तासापेक्षा जास्त रेंगाळू नका, पुढं खूप चालायचंय.

खाली उतरून दांडावरून रायरेश्वरच्या खिंडीकडे निघायचं. इथंच माणसं चुकतात. मीही चुकलोय. पहिल्या खेपेला कारवीच्या झुडपांतून एक छान मळलेली वाट दिसली, धरली, आणि पाऊण तासानं कड्याच्या तोंडावर जाऊन उभा राहिलो. परत फिरलो तर एक आजी सरपणाची मोळी घेऊन येत होत्या. म्हणाल्या, "बाबा, ती म्हसरांची वाट हाय. म्हसरं चरून माघारी येत्यात, तू कुठं निघालायस?" तेव्हापासून नियम केलाय. वाट फुटली आणि शंका आली की थांबायचं, दिसेल त्या माणसाला विचारायचं. माणूस नसेल तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागं यायचं. मोबाईलवरचा नकाशा ढोरवाटही तितक्याच ठळकपणे दाखवतो.

खिंडीतून रायरेश्वरला लोखंडी शिड्या आहेत. वर मैलोन्‌मैल पठार, शेती आणि जंगमांची वस्ती. त्यांच्यातल्या एखाद्या घरी आधी सांगून ठेवलंत तर पिठलं-भाकरी मिळते. शंभूमहादेवाचं देऊळ साधंच आहे. १६४५ मध्ये इथं स्वराज्याची शपथ घेतली असं परंपरा सांगते. देवळाजवळच गोमुखाचं पाणी. पश्चिम टोकाला रंगीबेरंगी माती आहे, पण पहिल्या खेपेला तिकडं जाऊ नका, त्यात सगळी दुपार जाते. दोन वाजता, जिथं असाल तिथून, परत फिरायचं. डिसेंबरात सहाला दिवस मावळतो आणि उतरताना घसाऱ्यावर पाय जपूनच टाकावा लागतो. हे दोन वाजताचं मी फार कडक पाळतो, यावरून मित्रांशी भांडलोही आहे. उतरायची भीती वाटत असेल तर गाडी भोरकडच्या कोर्ले गावावरून खिंडीत बोलावून ठेवा, रस्ता तिथवर येतो.

पाणी माणशी तीन लिटर घ्या. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका. खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, काकडी आणि चिमूटभर मीठ. बिस्किटांनी तहान वाढते. कड्यात आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर, विडी, आरडाओरडा, तिन्ही बंद. ऑक्टोबर ते फेब्रुवारी चांगला काळ. पावसात धुक्यानं हातभर अंतरावरचं दिसत नाही आणि कातळ शेवाळतो. मार्चनंतर गवत वाळून वणवे लागतात.

तयारीचं म्हणाल तर महिनाभर आधी दर रविवारी मिरजेजवळच्या दंडोबावर चढून उतरा. चढ छातीला जड जातो, पण दुसऱ्या दिवशी त्रास देतात ते उतरलेले गुडघे. त्यांची सवय दंडोबाच करून देईल. दंडोबा उतरताना गुडघा कुरकुरला, तर केंजळ आणखी महिनाभर पुढं ढकला.

एक राहिलंच. सांगलीहून त्याच दिवशी जायचं तर पहाटे तीनच्या आत निघावं लागेल, आणि रात्री थकल्या अंगानं तेवढीच गाडी परत चालवायची. ते मला डोंगरापेक्षा धोक्याचं वाटतं. शनिवारी रात्री वाईत मुक्काम करा आणि येताना चालवायला डोंगर न चढलेला कोणी असेल तर त्याला बरोबर घ्या. माझा मेहुणा याच कामासाठी येतो. खाली गाडीत झोपतो आणि वाईत मिसळ खाऊन खूश असतो.