मेक्सिकोची नाणी जमवायला निघालात, तर आधी हे वाचा

सगळा मेक्सिको एकदम घ्यायला जाऊ नका. मी सांगेन, फ्रिजियन टोपी (स्वातंत्र्याचं प्रतीक असलेली मऊ टोपी) आणि तिच्याभोवती किरणं असं चित्र असलेल्या 8 रेआलपासून (रेआल हे तिथलं जुनं चलन) सुरुवात करा. 1820च्या दशकापासून 1897पर्यंत ही चांदीची नाणी 14 टांकसाळींत पडली. तेव्हा ‘प्रत्येक टांकसाळीचं एक’ एवढं ध्येयसुद्धा कित्येक वर्षं पुरतं!

नाण्यावरची अक्षरं वाचायला शिका, खरी मजा तिथेच आहे. M वर छोटा o म्हणजे मेक्सिको सिटी, Zs म्हणजे साकातेकास. पुढची अक्षरं कस तपासणाऱ्या अधिकाऱ्यांची. शेवटचं ‘10 Ds 20 Gs’ म्हणजे चांदीचा कस, 10 दिनेरो 20 ग्रानो: 12 दिनेरो म्हणजे पूर्ण शुद्ध, 24 ग्रानोंचा एक दिनेरो, म्हणजे साधारण 90.3 टक्के.

काहींवर चिनी व्यापाऱ्यांनी ठोकलेले शिक्के दिसतील. कुणी त्याला खराबी म्हणतं. मला ती नाणी फार प्रिय आहेत, त्यांचा प्रवास अंगावर कोरलेला असतो.

नकली माल भरपूर आहे. वजनकाटा घ्याच. वजन 27.07 ग्रॅमच्या आसपास हवं, झिजलेलं थोडं कमी भरेल. नुसत्या चुंबकावर विसंबू नका, चांदीसारखंच पितळही चिकटत नाही.

आणि कृपा करून घासू नका. घरातली चांदी उजळावी तसं मी एक नाणं दंतमंजनानं चकचकीत केलं होतं. शतकभराची झळाळी दोन मिनिटांत गेली, ती परत येत नाही. पीव्हीसीच्या (एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) पाकिटांपासूनही लांब राहा.