वडिलांना फॅटी लिव्हर आहे, मग डॉक्टरांनी टू-डी इको का सांगितला? लिव्हरमुळे हार्ट फेल्युअर होतं का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६१ वर्षांचे आहेत, सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर आलंय, जिना चढताना दम लागतो, डॉक्टरांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) लिहून दिलाय आणि काकांचं म्हणणं आहे की ही पैसे काढायची युक्ती आहे. शिवाय जगात असं किती जणांना होतं, हेही विचारलंय.

इको करून घ्या. मी एका जिल्ह्याच्या गावी मेडिसिनची ओपीडी बघतो. हीच चिठ्ठी मीही दिली असती.

आधी आकड्यांचं. जगात हार्ट फेल्युअरचे, म्हणजे ज्यांचं हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नाही असे, रुग्ण साधारण साडेसहा कोटी धरतात. लिव्हरच्या आजारांनी वर्षाला सुमारे २० लाख माणसं जातात, म्हणजे दर २५ मृत्यूंतला एक. फॅटी लिव्हर तर जगातल्या तीसेक टक्के प्रौढांना आहे आणि भारतातले अभ्यास एकत्र केले तर आपल्याकडे ३८ टक्क्यांच्या आसपास. पण हार्ट फेल्युअर आणि फॅटी लिव्हर या दोन्हींत सामाईक किती, हे हिशेबात नीट उतरत नाही. 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या जागतिक मोजणीत हार्ट फेल्युअरला मृत्यूचं मूळ कारण मानतच नाहीत. तो मृत्यू हार्ट अटॅक, बीपी, झडपेचा आजार अशा कुठल्यातरी खात्यात टाकला जातो. आपल्याकडे तर दाखल्यावर कितीदा नुसतं 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून मोकळे होतात. अहो, मरताना हृदय आणि श्वास सगळ्यांचाच थांबतो!

त्यातल्या त्यात भरवशाचा आकडा २०२२ मधल्या एका मोठ्या विश्लेषणाचा आहे. सुमारे १ कोटी १० लाख लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा फॅटी लिव्हर असणाऱ्यांत नव्याने हार्ट फेल्युअर होण्याचा धोका इतरांच्या दीडपट निघाला. शुगर, बीपी, वजन यांचा परिणाम वेगळा काढूनही. दीडपट ऐकून धास्ती घेऊ नका. शंभरात दहा जणांना होणार असेल तिथे पंधरा जणांना, एवढाच त्याचा अर्थ. पण फॅटी लिव्हरच घरोघरी असल्यावर या जादा पाचांची बेरीज फार मोठी होते. फॅटी लिव्हरचे रुग्ण सर्वांत जास्त दगावतात ते हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांनी. लिव्हरचा नंबर त्यानंतरचा.

होतं कसं? इन्सुलिनला दाद न देणारं शरीर लिव्हरमध्ये चरबी साठवतं, तशीच ती हृदयाभोवतीही साठते. हृदयाचा स्नायू ताठर होतो, नीट सैल पडत नाही. आकुंचन ठीक असतं, म्हणून रिपोर्टवर 'पंपिंग ६० टक्के' येतं, घरचे खूश होतात, आणि माणूस मात्र दुसऱ्या मजल्यावर धापा टाकतो. इकोच्या रिपोर्टमध्ये नुसता पंपिंगचा आकडा बघू नका, डायस्टोलिक फंक्शनची (हृदय किती नीट सैल पडतं त्याची) ओळही डॉक्टरांना विचारा.

सिरॉसिसची, म्हणजे लिव्हर व्रणांनी कायमचं घट्ट होण्याची, गोष्ट वेगळी. तिथे रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी खाली राहतं आणि हृदय बसल्या जागी जास्त रक्त फेकत राहतं. एरवी निभतं, जंतुसंसर्ग झाला किंवा लिव्हर ट्रान्सप्लान्टचा ताण आला की उघडं पडतं. दारू असेल तर ती दोन्हीकडे थेट मार देते, वेगळं सांगायला नको.

उलटा रस्ता मात्र फार जण विसरतात. हृदयाची उजवी बाजू थकली की रक्त मागे तुंबतं आणि लिव्हर सुजतं. असा पेशंट माझ्याकडे बहुधा काविळीचं झाडपाल्याचं औषध घेऊनच येतो: डोळे किंचित पिवळे, उजव्या बरगडीखाली दुखणं, दोन घासांत पोट भरणं. त्याला पाठीला उशी देऊन अर्धवट टेकवतो, पोटावर तळवा ठेवून दहा-पंधरा सेकंद दाबून धरतो आणि नजर मानेवर ठेवतो. मानेतली शीर फुगून वर चढली आणि दाब काढेपर्यंत खाली उतरली नाही, तर माझा संशय हृदयावर. मग नडगीवर अंगठा दाबायचा. खड्डा पडून तसाच राहिला की सूज पाण्याची. असं तुंबलेलं लिव्हर कापलं तर जायफळासारखं ठिपकेदार दिसतं. कावीळ उतरवायची तर इथे हृदयाचे उपचार लागतात, मुळ्याचा रस नाही.

"बाबा तर बारीक आहेत" असं मनात असेल तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम बघा. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या एका ब्रिटिश सहकाऱ्याने स्वतःचेच आकडे छापले: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी ब्रिटिश डॉक्टरची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेला टेप लावा. आपल्याकडे पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं.

इकोबरोबर वय आणि रक्ततपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरचे आकडे) व प्लेटलेट यांवरून निघणारा फिब-४ आकडा डॉक्टरांकडून काढून घ्या. १.३ पेक्षा कमी असेल तर लिव्हर घट्ट झालं असण्याची शक्यता कमी. जास्त आला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती घट्ट झालं ते बाहेरूनच मोजणारी तपासणी. कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी चालू असेल तर 'लिव्हरला त्रास होईल' म्हणून परस्पर बंद करू नका, साध्या फॅटी लिव्हरमध्ये ती चालते. वजन जास्त असेल तर सात ते दहा टक्के उतरवल्याने लिव्हर खरोखर सुधारतं. लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांनी नाही, आणि पैसे वाया जातात म्हणायचं तर ते तिथे, हे काकांना सांगा.

आडवं पडल्यावर दम लागून उठून बसावं लागत असेल, किंवा पाय सुजून दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. तसं काही नसेल तर या आठवड्यात कधीही जा. सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. साध्या इकोला उपाशी राहावं लागत नाही.