पहिल्या रांगेची आसने मिळालेल्या देणगीदाराला ८०जी पावती (देणगीवरील आयकर सवलतीसाठीची पावती) देता येते का?
नाही, संगीत महोत्सव भरवणाऱ्या न्यासाने आसनांच्या बदल्यात घेतलेल्या रकमेची ८०जी पावती देऊ नये, कारण आयकरातील ही सवलत निखळ देणगीसाठी आहे आणि मोबदला आला की व्यवहार तिकीटविक्रीकडे झुकतो, मग निमंत्रणपत्रिकेत त्या व्यक्तीला कितीही आदराने ‘आश्रयदाते’ म्हटलेले असो. कृतज्ञतेचा उल्लेख मात्र चालतो: केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, व्यवसायाची जाहिरात न करता धर्मादाय संस्थेने केवळ देणगीदाराचे नाव फलकावर लावल्यास जीएसटी लागत नाही, उत्पादने झळकवणारे प्रायोजकत्व करपात्र असते. २,००० रुपयांवरील रोख देणगीला आणि नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला ८०जी वजावट मिळत नाही, हे देणगी मागतानाच सांगावे.