हार्ड रॉक आणि हेवी मेटल कानाने कसं ओळखायचं? सुरुवात ब्लॅक सॅबथपासून

तुम्ही लिहिलंय की भाचा दिवसभर मेटल ऐकतो, तुमचे कान शास्त्रीय संगीतावर तयार झालेत आणि तुम्हाला हार्ड रॉक काय, हेवी मेटल काय, सगळा एकच कल्ला वाटतो. दोन्हींतला फरक ओळखायचा कसा आणि ऐकायला सुरुवात कुठून करायची, हा तुमचा प्रश्न. तुमचा कान तयार आहे म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

गायक किती किंचाळतो, गाणं किती वेगात आहे, यावरून काही ठरत नाही. गिटार ब्लूजशी, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या लोकसंगीताशी, कशी वागते ते ऐका. दोन्ही प्रकार ब्लूजच्याच पोटातून आलेले. हार्ड रॉकने ब्लूजचा झुलता ठेका सांभाळला आणि आवाज वाढवला. मेटलने तो झोका हळूहळू काढून टाकला आणि रिफला, म्हणजे बंदिशीच्या मुखड्यासारख्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या स्वरवाक्याला, गाण्याचा मालक केलं.

हे घडताना ऐकायचं असेल तर ब्लॅक सॅबथला पर्याय नाही. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली चार कामगारवस्तीतली पोरं: गिटारवर टोनी आयॉमी, बेसवर (खालच्या स्वरांच्या गिटारवर) गीझर बटलर, ड्रम्सवर बिल वॉर्ड, गायला ऑझी ऑस्बोर्न. 1968मध्ये एकत्र आले तेव्हा ब्लूजच वाजवत होते. पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि 13 फेब्रुवारी 1970ला, शुक्रवारी, बाजारात आला. बँडचं, अल्बमचं आणि पहिल्या गाण्याचं नाव एकच, ब्लॅक सॅबथ.

ते पहिलं गाणं आज रात्रीच ऐका. पाऊस, लांबून चर्चची घंटा आणि मग तीन स्वर, अतिशय सावकाश: षड्ज, वरचा षड्ज आणि त्याखालचा तीव्र मध्यम. बस्स. बटलर इंग्रज संगीतकार होल्स्टच्या ‘मार्स’ची धून बेसवर वाजवत होता, त्यातून आयॉमीला हे सुचलं. यमनात हाच तीव्र मध्यम किती हवाहवासा लागतो ते तुम्हाला सांगायला नको, कारण त्याला पंचमाकडे किंवा गंधाराकडे जायची वाट असते. इथे पंचमही येत नाही आणि गंधारही नाही. तो स्वर तिथेच थरथरत ठेवलाय, आणि भीती वाटते ती त्यामुळे. पुढची निम्मी मेटल परंपरा या एका जागेवर उभी आहे असं माझं ठाम मत आहे.

आता आयॉमीच्या बोटांबद्दल. 1965मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या त्याच्या शेवटच्या दिवशी उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं मशीनखाली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. राइनहार्टचीही दोन बोटं आगीत निकामी झाली होती आणि तरी तो गिटारवादनात अव्वल होता. मग आयॉमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, वर चामडं लावलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा गिटारला चढवल्या. पुढे तारा ढिल्या करून गिटार खालच्या पट्टीत लावली. बऱ्याच ठिकाणी असं लिहिलेलं असतं की बँडचा जडपणा या खालच्या पट्टीतूनच आला. कालक्रम पाहिला तर ते जुळत नाही. पहिले दोन अल्बम नेहमीच्या पट्टीतच आहेत. तीन अर्धस्वर खाली उतरायला सुरुवात झाली 1971च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’वर. त्यातलं ‘इन्टू द व्हॉइड’ ऐका म्हणजे ती पट्टी काय करते ते कळेल.

पहिल्या दोन अल्बमचा जडपणा आला तो स्वरांच्या निवडीतून. ॲम्पचा (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राचा) आवाज इतका ताणला की तो फाटतो (हेच डिस्टॉर्शन), तेव्हा कॉर्डमधला, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांच्या गुच्छातला, गंधार इतर स्वरांशी भांडायला लागतो. म्हणून तो काढून फक्त षड्ज-पंचम वाजवतात, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. गंधार शुद्ध की कोमल हेच ठरत नसल्यामुळे कॉर्ड प्रसन्न की उदास हेही ठरत नाही. तानपुऱ्याच्या सा-पात वाढलेल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही. टोप्या चढवलेल्या बोटांना भरगच्च कॉर्ड धरणं अवघड, ही दोन स्वरांची जोडी मात्र हाताशी होती.

सप्टेंबर 1970च्या ‘पॅरानॉइड’वर ‘आयर्न मॅन’ ऐकताना लक्ष द्या: ऑझी वेगळी चाल गातच नाही, रिफच्याच स्वरांवरून चालतो. आणि ‘वॉर पिग्ज’ शब्दांसाठी ऐका. ते बटलरचे आहेत, आणि गरिबांना युद्धावर धाडून स्वतः मागे राहणाऱ्या पुढाऱ्यांवरचा त्यातला राग आजही तितकाच खरा वाटतो. सैतानाचे पुजारी म्हणून या लोकांना हिणवणाऱ्यांनी ते एकदा तरी नीट वाचायला हवं होतं. बिल वॉर्डचे ड्रम्स मात्र जॅझकडे झुकलेले, त्यामुळे सॅबथमध्ये झोका अजून शिल्लक आहे. त्यांना मेटलची पहिली पायरी म्हणावं, पूर्ण जिना नव्हे.

हे चौघे 5 जुलै 2025ला ॲस्टनच्याच व्हिला पार्क या फुटबॉल मैदानावर शेवटचे एकत्र वाजवायला उभे राहिले. ऑझी सिंहासनावर बसून गायला. 22 जुलैला तो गेला. त्या मैफलीचं चित्रण मिळालं तर भाच्यासोबत बघा.

झोका पूर्ण काढला तो बर्मिंगहॅम परिसरातल्याच जुडास प्रीस्ट या बँडने. ग्लेन टिप्टन आणि के. के. डाउनिंग ही गिटारची जोडी, आणि तार सप्तकात तलवारीसारखा फिरणारा रॉब हॅलफर्डचा आवाज. 1976चा ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’ मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत प्रिय, पण तुमच्यासाठी एप्रिल 1980चा ‘ब्रिटिश स्टील’ सोयीचा. त्यातल्या ‘मेटल गॉड्स’मध्ये यंत्रमानवांच्या पावलांचा आवाज हवा होता, तेव्हा त्यांनी सुऱ्या-काट्यांचा ट्रे हलवून तो रेकॉर्ड केला.

1980 हे साल तुलनेला फार चांगलं, कारण जुलैमध्ये एसी/डीसीचा ‘बॅक इन ब्लॅक’ आला. सिडनीत 1973मध्ये सुरू झालेला हा बँड ग्लासगोत जन्मलेल्या माल्कम आणि अँगस यंग या भावांचा. फेब्रुवारीत त्यांचा गायक बॉन स्कॉट वारला आणि पाच महिन्यांत ब्रायन जॉन्सनला घेऊन हा अल्बम बाहेर. सगळ्यांची नजर शाळेच्या गणवेशात उड्या मारणाऱ्या अँगसवर असते. तुम्ही माल्कम ऐका. तो भरलेले मोकळे कॉर्ड वाजवतो, गंधारासकट, म्हणून ॲम्प फारसा फाडत नाही. दोन कॉर्डांमध्ये तो जी शांतता सोडतो तिच्यात फिल रडचा ठेका डुलतो. हा खरा हार्ड रॉक. ‘बॅक इन ब्लॅक’ हे गाणं लावा आणि लगेच ‘ब्रिटिश स्टील’मधलं ‘रॅपिड फायर’. पहिल्यात मान डोलेल. दुसऱ्यात रिफ सरळ रेषेत अंगावर येईल, मध्ये श्वासाला जागा नाही. एवढा फरक कानाला लागला की तुमचा निम्मा प्रश्न सुटला.

डीप पर्पल हा बँड या दोन्हींच्या सीमेवर. त्यांच्या जॉन लॉर्डने हॅमंड ऑर्गन (पेटीसारखं पट्ट्यांचं विजेवरचं वाद्य) गिटारच्या मार्शल ॲम्पमधून वाजवला. 1972मध्ये जपानच्या मैफलींत रेकॉर्ड झालेला ‘मेड इन जपान’ घ्या. त्यात गिटार-ऑर्गनची सवाल-जवाबासारखी लढत आहे, ती तुम्हाला लगेच भावेल.

आयर्न मेडन या मेटल बँडकडे मग वळा. त्यांच्या स्टीव्ह हॅरिसचा बोटांनी छेडलेला, घोडदौडीच्या लयीतला बेस हीच त्यांची ओळख. 1 फेब्रुवारी 2008ला त्यांनी आपल्या जगभराच्या दौऱ्याची सुरुवात मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातून केली, आणि त्या दौऱ्यात बँडचं विमान गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवत होता. महाराष्ट्रातल्या मेटलवाल्यांमध्ये त्या रात्रीचा विषय अजून निघतो.

भाचा बहुधा याच्याही पुढचं, घशातून गुरगुरणाऱ्या गायकांचं मेटल ऐकत असेल. तिथे लगेच जाऊ नका. गायकाकडे सध्या दुर्लक्ष करा, चांगले हेडफोन लावा, आणि एका वेळी एकच वाद्य धरून गाणं शेवटपर्यंत ऐका, आधी बेस, मग गिटार. भाच्याच्या आवडीच्या पाच गाण्यांची नावं इथे टाका. त्यांतलं कुठलं आधी ऐकायचं ते मी सांगतो.