टेबलाखाली बसलेली चांदणी

ताई, अकरा दिवसांपूर्वी आम्ही निवाऱ्यातून साधारण तीन वर्षांची कुत्री आणली. तिचं नाव चांदणी ठेवलं. तिथे ती अगदी शांत, गरीब वाटली होती. घरी आल्यापासून टेबलाखाली बसून आहे. आमच्यासमोर खात नाही, पण सकाळी वाटी रिकामी असते. परवा माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने कुरवाळायला टेबलाखाली हात घातला, तर गुरगुरली. चावली नाही. घरचे म्हणतात, ‘परत देऊन ये.’ देऊ का?

एवढ्यात नका देऊ. तुमच्या पत्रातलं ‘सकाळी वाटी रिकामी असते’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. खरी बातमी ती आहे, गुरगुरणं नव्हे. सगळे झोपल्यावर चांदणी उठते, घरभर वास घेत फिरते, खाते आणि उजाडायच्या आत जागेवर येऊन बसते. म्हणजे घर पाहून घेणं चालू आहे, फक्त तुमच्या देखत नाही.

निवाऱ्यातल्या ‘शांत’ या शब्दावर माझा फार विश्वास नाही. दोन्ही बाजूंनी भुंकणारी कुत्री, रोज नवी माणसं, नवे वास. अशा ठिकाणी पुष्कळ कुत्री शांत नसतात, भीतीने गोठलेली असतात. कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या आमच्यासारख्यांत तीनचा हिशेब सांगतात: तीन दिवस नुसतं भांबावलेपण, तीन आठवड्यांत घराची लय कळते, तीन महिन्यांनी कुत्रं खरं कसं आहे ते दिसतं. हा ढोबळ अंदाज आहे, पंचांग नव्हे. माझ्याकडे तात्पुरता राहायला आलेला भुऱ्या सोळा दिवस कपडे धुण्याच्या मशीनमागे होता. सतराव्या दिवशी मी खाली बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. तो मान लांब करून आला, माझा एक मोजा दातांत धरला आणि परत मशीनमागे गेला. मोजा मी मागितला नाही. दुसऱ्या दिवशी तो दुसरा न्यायला आला आणि तिथेच बसला.

आता गुरगुरण्याचं. त्यासाठी तिला रागावू नका, मुलालाही नको. ‘जवळ येऊ नकोस’ हे तिने तिच्या भाषेत सांगितलं. गुरगुरल्याबद्दल ओरडा खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, भीती सोडत नाही. मग एक दिवस काही न सांगता चावतं आणि लोक म्हणतात ‘अचानक चावलं’. गुरगुरण्याआधीही तिने काही सांगितलं असणार: तोंड फिरवणं, भूक नसताना जिभल्या चाटणं, झोप नसताना जांभई, अंग ताठ, डोळ्यांच्या कडेला दिसणारा पांढरा भाग. मुलाला हे ओळखायला शिकवा. टेबलाखाली तिला मागे सरकायला जागा नव्हती आणि समोरून हात येत होता. तिच्या जागी मीही गुरगुरले असते.

टेबलाखालची जागा तिची, तिथे कुणीही हात घालायचा नाही. अंथरूण तिथेच सरकवा. मुलाने रोज संध्याकाळी चार-पाच हात लांब, तिच्याकडे पाठ नाही आणि तोंडही नाही असं कडेने बसावं, आपलं पुस्तक मोठ्याने वाचावं आणि मधूनमधून तिच्या आवडीचा तुकडा न बघता तिच्या बाजूला टाकावा. बोलावायचं नाही. ती आली तरी डोक्यावरून हात नको, छातीपाशी खाजवावं आणि थांबावं. तिला अजून हवं असेल तर तीच पुढे सरकेल. काही महिने मोठं माणूस खोलीत नसताना दोघं एकत्र नकोत. आणि एकदा डॉक्टरांना दाखवा. कान, दात, कंबर दुखत असेल तरी कुत्रं हात लावू देत नाही, आणि दुखण्यावर पुस्तकवाचनाचा उपयोग नाही.

फिरायला नेताना गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, म्हणजे छाती-खांद्यांभोवती बसणारा पट्टा, दोन्हींना वेगळी दोरी. घाबरलेलं कुत्रं पुढे पळत नाही, मागे सरकतं आणि पट्ट्यातून डोकं काढून घेतं. मी रिकामा पट्टा हातात धरून उभी राहिलेली आहे, म्हणून सांगते.

दोन-तीन महिन्यांनीही मुलाची भीती किंवा तिची भीती कमी झाली नाही, तर निवाऱ्याला मोकळेपणाने सांगा. त्यात पाप नाही.

आम्ही चार मैत्रिणी सोडून दिलेल्या कुत्र्यांना घरं शोधून देतो. या वर्षी आठ दिली, तीन परत आली. आमचं काय चुकतं?

तुमची जाहिरात पाहिली नाही, पण ओळखते. डोळ्यांत पाणी आणणारा फोटो आणि ‘प्रेमळ, सगळ्यांशी जमवून घेतो’. मीही असंच लिहायचे. एक कुत्रा एकटा राहिला की दार ओरबाडायचा, ते मी सांगितलं नाही; वाटलं, घर मिळाल्यावर थांबेल. चौथ्या दिवशी तो परत आला, सोबत दाराचा फोटो. त्याला घेऊन गेलेल्या बाईंचं काही चुकलं नव्हतं.

वाईट ते आधी लिहा. फोन कमी येतील, येतील ते कामाचे. घरातल्या सगळ्यांना भेटायला बोलवा. जो आला नाही, बहुधा त्याचाच विरोध असतो. ‘कुत्रा आवडतो का’ विचारू नका, ‘गावाला जाल तेव्हा तो कुठे राहील’ हे विचारा. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लेखी. त्याच दिवशी हातात देऊ नका, एक रात्र मध्ये जाऊ द्या. शक्य असेल तर आधी दोन आठवडे तुमच्यापैकी एकीच्या घरी ठेवा. पिंजऱ्यातल्या महिन्यापेक्षा घरातले दोन आठवडे जास्त सांगतात. पिल्लू असेल तर लसींचे डोस साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालतात, हे कागदावर तारखांसकट द्या.

लंडनमध्ये १८६० साली मेरी टील्बी या बाईंनी हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी जागा काढली, तिच्या नावातच ‘तात्पुरतं घर’ असं होतं. आज ती संस्था बॅटरसी नावाने ओळखतात. मला तो ‘तात्पुरतं’ शब्द आवडतो. पण तात्पुरतं आहे म्हणून घाईने रिकामं करायचं असं नाही. परत आलेल्या तिघांच्या घरी फोन करा आणि नेमकं काय झालं ते विचारा, वाद न घालता.

नऊ वर्षांचा कुत्रा दत्तक घ्यावा का? सगळे वेड्यात काढतात.

घ्या. त्याचा स्वभाव घडून झालाय, जे दिसतं तेच मिळणार. आधी दात तपासा, रक्ताची तपासणी करा, मूत्रपिंडं बघून घ्या. फरशी गुळगुळीत असेल तर त्याच्या वाटेवर सतरंज्या टाका. आणि नाव बदलू नका. नऊ वर्षं ज्या हाकेला मान वळवली, तीच द्या.