लॅपटॉपवर कंपोझर (पीएचपीची पॅकेजेस आणणारं टूल) नीट चालतो, सीआयमध्येच (कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या सर्व्हरवर) बिल्ड फेल होतो. लॉक फाइल डिलीट करू का?

नको, लॉक फाइलला हात लावू नका; कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती घ्यायची ते तिच्यातच लिहिलेलं असतं. आधी तो एरर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तुम्ही लिहिलंय की प्रोजेक्ट लारावेल १० (पीएचपीचं फ्रेमवर्क) चा आहे, लॅपटॉपवर पीएचपी ८.३ आहे आणि सीआयमध्ये ‘कंपोझर इन्स्टॉल’ला लॉकमधली पॅकेजेस जुळत नाहीत. तुम्ही दिलेल्या लॉगमध्ये खाली कारण आलंच आहे: सिम्फनी या दुसऱ्या पीएचपी फ्रेमवर्कच्या सीएसएस-सिलेक्टर ७.० या पॅकेजला पीएचपी ८.२ लागतं, सीआयवर ८.१ आहे.

हे पॅकेज तुम्ही कधी मागवलंच नव्हतं, म्हणून डोकं चक्रावतं. लारावेल १० स्वतः ८.१ वर चालतं. पण ईमेलमधलं सीएसएस थेट टॅगमध्ये घालणारं एक पॅकेज ते सोबत आणतं, आणि त्याला सीएसएस-सिलेक्टर ६ ही चालतं, ७ ही चालतं. ८.३ असलेल्या लॅपटॉपवर कोणीतरी ‘कंपोझर अपडेट’ मारलं, कंपोझरने त्या मशीनवर बसेल ती सगळ्यात नवी आवृत्ती उचलली आणि लॉकमध्ये लिहून टाकली. ‘कंपोझर व्हाय’ आणि पुढे पॅकेजचं नाव दिलंत, की ते कुणामुळे आत आलं ते दिसेल.

आता प्रॉडक्शन सर्व्हरवर पीएचपी कुठलं आहे ते बघा, कारण उपाय त्यावरच ठरतो. तिथे ८.२ किंवा पुढचं असेल तर सीआयची इमेज त्याच आवृत्तीवर न्या, विषय संपला. तिथे ८.१ असेल, तर कंपोझर डॉट जेसनमधल्या ‘कॉन्फिग’खाली ‘प्लॅटफॉर्म’मध्ये पीएचपी ८.१ चा सर्व्हरवरचा नेमका आकडा लिहा. मग लॅपटॉपवरच सिम्फनीची पॅकेजेस अपडेट करा. कंपोझर आता ८.१ धरून हिशेब करेल आणि ६.४ वर येईल. नवी लॉक फाइल कमिट करा. (८.१ चा सिक्युरिटी सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ ला संपलाय, तेव्हा सर्व्हर अपग्रेड करायचं कामही लवकर काढा.)

‘इग्नोर-प्लॅटफॉर्म-रेक्स’ हा फ्लॅग लावा असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. कृपया लावू नका. एका जुन्या नोकरीत मी शुक्रवारी संध्याकाळी तो लावला होता. बिल्ड हिरवा झाला, डिप्लॉय झालं, आणि ८.२ चं सिंटॅक्स असलेली एक फाइल लोड होताच सर्व्हरवर पार्स एरर आला. सीआयने जे मला वेळेत सांगितलं होतं, ते नंतर ग्राहकांच्या फोनवरून कळलं. लॉक उडवलंत तर वेगळा त्रास: प्रत्येक बिल्डमध्ये त्या दिवशीच्या ताज्या आवृत्त्या येतील, आणि काल टेस्ट केलेला कोड आज तोच असेल याची खात्री उरणार नाही.

हे झाल्यावर कधी पास, कधी फेल असं होऊ लागलं आणि लॉगमध्ये गिटहबचं (कंपोझर बरीचशी पॅकेजेस तिथूनच उतरवतो) ऑथेंटिकेशन दिसलं, तर तो रेट लिमिटचा प्रकार असतो. टोकनशिवाय (म्हणजे गिटहबला ओळख पटवणाऱ्या किल्लीशिवाय) एका आयपीला तासाला ६० रिक्वेस्ट मिळतात, आणि सीआयचा आयपी बहुतेक वेळा अनेकांमध्ये वाटलेला असतो. टोकन दिलंत की मर्यादा ५,००० होते. ते ‘कंपोझर ऑथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सीक्रेट म्हणून द्या, रेपोमध्ये लिहू नका. कॅश करायची तर कंपोझरचा कॅश फोल्डर करा, पॅकेजेस इन्स्टॉल होतात तो ‘व्हेंडर’ फोल्डर नको.