‘आजारी पोराच्या तोंडचा घास काढू?’

मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात मुलाचं वजन जास्त झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेक आया पथ्याचा तक्ता मागत नाहीत. ‘आधीच आजारी, त्यात तोंडचा घास काढू?’ असं विचारतात. मी समुपदेशक. गोव्यातल्या डिचोलीकडची एक आई हेच विचारत माझ्यासमोर रडली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगा अकरा वर्षांचा, घरी सगळे त्याला बाब म्हणत. जन्मतःच लघवीच्या मार्गात पडदा होता. शस्त्रक्रिया झाली, पण मूत्रपिंडांना व्हायची ती इजा आधीच झालेली. पहिली काही वर्षं तो खायचाच नाही. नाकात नळी, वजनकाट्यासमोर धडधड, शंभर ग्रॅम वाढले तरी देवाला नारळ. भरवणं हेच औषध, असं दवाखान्यात सांगितलेलं, आणि बाईने ते मन लावून केलं. पुढे भूक उघडली, वजन चढलं, उंची मात्र मागे राहिली. ‘आता पुरे’ हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून मी पहिल्या भेटीत आहाराबद्दल बोललेच नाही. बाबला तुम्ही वाचवलंत, एवढंच म्हटलं. तिला ते आजवर कुणी म्हटलं नव्हतं म्हणे.

घास काढायचा नसतोच. वाढत्या मुलाला वयानुसार लागणारी ऊर्जा आणि प्रथिनं मिळायलाच हवीत. उपाशी ठेवलं तर उंची आणखी खुंटते. वजन फार चढलेलं नसेल तर ते आहे तिथे थोपवायचं आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं. मग एवढा खटाटोप का? लठ्ठपणाने रक्तदाब वाढतो, आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर गाळण्याचा भार चढतो, लघवीतून प्रथिनं जास्त जाऊ लागतात. हृदयालाही धोका, आणि पुढे प्रत्यारोपणाची वेळ आली तर शस्त्रक्रिया अवघड होते.

‘पण मॅडम, तो तसा जाड दिसत नाही.’ बाबची उंची नऊ वर्षांच्या मुलाएवढी, १३१ सेंटिमीटर. अशा मुलाचं वजन वयाच्या नव्हे, उंचीच्या हिशोबाने बघावं लागतं. घरी शिंप्याची टेप पुरते: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. त्याची ७२ भरली, म्हणजे बरीच जास्त.

मग आठवडाभर काय-काय पोटात गेलं ते लिहायला सांगितलं. जेवण ठीकच होतं. भात, हुमण (माशांची आमटी), भाजी. घोटाळा बाटलीत निघाला. अशा मुलांना लघवी फार होते, म्हणून डॉक्टरांनी पाणी भरपूर द्यायला सांगितलेलं. पाण्याला कंटाळतो म्हणून घरचे सरबत, पाकिटातला रस, थंड पेयं देत होते. दिवसभराची साखर तिथूनच जात होती, आणि कोलात फॉस्फेटही असतं, जे दुबळ्या मूत्रपिंडांना निस्तरत नाही. बाटलीत फक्त पाणी, हा आमचा पहिला आणि बराच काळ एकमेव नियम. पाणी मात्र कमी करायचं नाही. किती द्यायचं ते त्याचे डॉक्टर ठरवतात.

दुसरी अडचण आजी. ‘पोराला एवढं तरी सुख नको?’ म्हणून दुपारी चिप्स, रविवारी वडिलांनी आणलेली भजी-पाव. मी आजींना उलट विचारलं, सुख खाण्यातच का? नियम एकट्या बाबला लावला असता तर तो शिक्षाच ठरला असता, म्हणून ताईसकट सगळ्या घराची चिप्सची पाकिटं बंद झाली. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, नेवऱ्या (करंज्या) मी काढल्या नाहीत. सणाला हात लावला की घर समुपदेशकाचं ऐकत नाही.

आजारी म्हणून शाळेत त्याला पीटीतून सूट होती. तज्ज्ञांनी हिरवा कंदील दिल्यावर तो संध्याकाळी फुटबॉल खेळू लागला. दिवसाला तासभर घाम येईल एवढं हिंडणं-खेळणं हवंच. रात्री मोबाइल आईच्या खोलीत; झोप अपुरी पडली की भूकही भडकते.

आणि शेजारपाजारचे सल्ले! वजन उतरवायला करमलाचा (स्टार फ्रूटचा) रस, बिंबलांचा (बिलिंबी या आंबट फळांचा) रस, प्रोटीन पावडर, ‘कमी सोडियम’चं मीठ. करमलातल्या विषारी घटकाने अशा रुग्णाला उचक्या, भ्रम, झटके येऊ शकतात. बिंबलांच्या रसातलं ऑक्झलेट मूत्रपिंडांत साचतं. त्या मिठात पोटॅशियम असतं, ते रक्तात वाढलं तर हृदयाचा ठोका बिघडतो. मीठ कमी करायचं की नाही हेही परस्पर ठरवू नका. काही मुलांच्या लघवीतून मीठ वाहून जातं, त्यांना उलट द्यावं लागतं.

बाबचं वजन वर्षभर जवळपास तेवढंच राहिलं, उंची थोडी वाढली. कंबर अजून निम्म्याच्या वरच आहे. हल्ली आईचा फोन येतो तो वजनाचा आकडा सांगायला नव्हे, शंका विचारायला. मागच्या वेळी विचारलं, दोन-चार दिवसांत एकदम किलोभर वाढलं तर जेवण कमी करू का? नाही. ती चरबी नसते, बहुधा अंगात साचलेलं पाणी असतं. पापण्या, पाय सुजलेत का बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.